बारावीनंतरचा प्रवेश : खानदेशातल्या मुलांनी आणि पालकांनी वर्षभर आधी काय करावं

खानदेशात दरवर्षी कितीतरी चांगली मुलं हाताशी आलेली जागा गमावतात, आणि त्याला कारण बहुतेक वेळा गुण नसतात. जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, वेळेत मिळालेली नसते, नॉन-क्रिमीलेअरची (कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत संपलेली असते, किंवा पसंतीक्रम कॅफेत घाईघाईत भरलेला असतो. अभ्यास मुलाने करायचा. कागद, तारखा आणि पैशाची सोय ही बाजू पालकांची. ती बारावीच्या जूनमध्येच हातात घेतली तर वर्षभरात आरामात पुरी होते. निकालानंतर घेतली तर मे-जूनच्या उन्हात सेतू केंद्र, तहसील आणि प्रांत कार्यालय अशा तीन रांगा एकाच वेळी लागतात, आणि त्यातली एक तरी चुकते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे बदलतात. राज्य सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या संकेतस्थळावर प्रत्येक अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका येते. ती मुलाने एकदा आणि पालकांनी एकदा, अशी दोनदा वाचा. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी काय लागलं, यावर विसंबू नका.

कोणत्या प्रवेशाला कोणती परीक्षा

इंजिनीअरिंग, फार्मसी आणि कृषी पदवीसाठी एमएचटी-सीईटी. तिचे दोन गट आहेत. पीसीएममध्ये भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५० आणि गणित ५० असे १५० प्रश्न असतात. गणिताच्या प्रश्नाला २ गुण, बाकीच्यांना १, एकूण २००. पीसीबीमध्ये जीवशास्त्राचे १०० प्रश्न, बाकी तसंच, एकूण २००. साधारण २० टक्के भाग अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. नीट आणि जेईईत मात्र चुकीला १ गुण वजा होतो. तिन्ही परीक्षा देणाऱ्या मुलाने ही सवय वेगवेगळी ठेवावी लागते. नीटच्या सरावातून आलेली मुलं सीईटीतही प्रश्न कोरे सोडतात, हे नेहमी दिसतं.

ज्याला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही आहेत त्याने दोन्ही गटांचे अर्ज भरावेत. फार्मसीला दोन्हींपैकी कोणताही गट चालतो, आणि दोन संधी केव्हाही एकीपेक्षा बऱ्या.

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांना नीट. एनआयटी, ट्रिपल-आयटीसाठी जेईई मेन, आणि आयआयटीसाठी त्यापुढची जेईई ॲडव्हान्स्ड. एनआयटीला बारावीत ७५ टक्क्यांची अट आहे, अनुसूचित जाती-जमातींना ६५. त्यामुळे बोर्डाकडे दुर्लक्ष करून नुसता क्लास करणं इथे महागात पडतं. राज्यातल्या इंजिनीअरिंगला पीसीएममध्ये मिळून खुल्या वर्गाला ४५ आणि राखीवांना ४० टक्के पुरतात. गुणवत्ता यादी मात्र सीईटीवरच लागते.

खेड्यापाड्यातल्या पालकांना अजून पोहोचलेली नाही अशी एक गोष्ट म्हणजे बीबीए, बीसीए आणि बीएमएसलाही २०२४ पासून सीईटी लागू झाली आहे. अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यतेचा असेल तर परीक्षा दिल्याशिवाय केंद्रीभूत फेरीत, म्हणजे राज्यभराच्या एकत्रित प्रवेश फेरीत, नाव येत नाही. बारावी वाणिज्यची मुलं निकाल घेऊन थेट कॉलेजात जातात आणि तिथे त्यांना हे कळतं. तोवर परीक्षेचे अर्ज कधीच बंद झालेले असतात. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम आणि एकात्मिक बी.एड. यांच्याही स्वतंत्र सीईटी आहेत. साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीला परीक्षा नाही. जळगावचं मूळजी जेठा किंवा अमळनेरचं प्रताप यांसारख्या कॉलेजांत प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. पण त्यांच्या ऑनलाइन नोंदणीची तारीख निकालानंतर थोड्याच दिवसांत असते, ती बघून ठेवा.

तारखांचा ढोबळ हिशेब असा धरा. जेईई मेनच्या जानेवारी सत्राचे अर्ज दिवाळीच्या आसपास येतात. सीईटीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात आणि नीटचे फेब्रुवारीच्या सुमारास. बोर्डाची लेखी फेब्रुवारीत सुरू होते. म्हणजे सगळे अर्ज बोर्डाच्या आधीच्या धावपळीत येतात, आणि तेव्हा कागद शोधायला वेळ नसतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाखाली आहेत. गुणपत्रिकेत नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करायची असेल तर ती कॉलेजमार्फत तिथेच जाते आणि तिला महिने लागतात.

परीक्षा केंद्र निवडताना अंतर बघा. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा किंवा सातपुड्यातल्या आतल्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलाने सकाळच्या सत्रासाठी आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी मुक्काम करावा. घाटातली पहिली गाडी आणि परीक्षेच्या दारावरची वेळ यांचं जुळेलच असं नाही. दार बंद झाल्यावर कुणाचंही काही चालत नाही.

बारावी कुठून करता, त्यावर पुढचं बरंच ठरतं

हा निर्णय खरं तर दहावीनंतरच घ्यायचा असतो. म्हणून धाकट्या भावंडांच्या पालकांनीही हा भाग वाचावा.

राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशात गृह विद्यापीठ नावाची एक सोय आहे. बारावी ज्या भागातून उत्तीर्ण झालात, त्या भागाचं विद्यापीठ हे तुमचं गृह विद्यापीठ. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून बारावी केली तर ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. ही विभागणी असलेल्या कॉलेजांत ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. आता दोन वर्षांसाठी लातूरला गेलेला मुलगा तिथल्याच कॉलेजातून बारावी झाला तर त्याचं गृह विद्यापीठ नांदेडचं होतं, आणि नाशिकहून झाला तर पुण्याचं. घर चोपड्यात आहे म्हणून त्याला जळगावच्या गृह जागा मिळत नाहीत. पुण्याच्या कॉलेजांकडेच डोळा असेल तर नाशिकची बारावी फायद्याची ठरते. शिरपूर, जळगाव, फैजपूर, धुळ्यातच शिकायचं असेल तर ती अडचण होते. काय हवं ते आधी ठरवा, मग बिऱ्हाड हलवा.

मेडिकलमध्ये हा प्रादेशिक वाटा आता नाही. ७०:३० चं सूत्र २०२० मध्ये रद्द झालं. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या राज्याच्या वाट्यात सगळा महाराष्ट्र एकाच यादीत उभा असतो.

सुरतेचा प्रश्न वेगळा आणि फार महत्त्वाचा आहे. उधना, लिंबायत भागात खानदेशातली हजारो कुटुंबं पोटापाण्यासाठी राहतात. मुलगा दहावी तिथे करतो आणि बारावीला गावी येतो. एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवीत आणि अधिवासही हवा. पालक ठरावीक सरकारी नोकरीत असतील तरच सवलत आहे. त्यामुळे सुरतेची दहावी झालेला मुलगा नीटमध्ये कितीही वर आला तरी राज्य कोट्यातून बाहेर पडतो आणि सरकारी कॉलेजांसाठी त्याच्या हाती मुख्यतः अखिल भारतीय १५ टक्के कोटा उरतो. बऱ्हाणपूर, सेंधव्याकडच्या कुटुंबांनाही हेच लागू. डॉक्टरकीचा विचार असेल तर मुलाला आठवी-नववीपासूनच इकडच्या शाळेत घाला. इंजिनीअरिंगला आई-वडिलांच्या अधिवासावर वेगळ्या प्रकारात अर्ज करता येतो, म्हणजे तिथे दार बंद होत नाही.

कागदांची फाईल

एक जाड प्लास्टिकची फाईल करा आणि तिच्यात मूळ कागद ठेवा. सगळ्यांचं स्कॅनिंग एकदाच नीट करून ते मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा. लागणारे कागद असे : दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, प्रवर्गाप्रमाणे जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला), आणि उत्पन्नाचा दाखला.

अधिवासासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. हा दाखला एकदा निघाला की झालं, म्हणून अकरावीतच काढा.

नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. गेल्या वर्षी काढलेलं आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी त्यावरची तारीख आज बघावी. अनुसूचित जाती आणि जमातींना हे लागत नाही. इतर मागास, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) या सगळ्यांना लागतं.

राज्याचे दाखले आणि केंद्राचे दाखले वेगळे असतात. जेईई आणि नीटच्या अखिल भारतीय फेरीला ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, तोही चालू आर्थिक वर्षातला, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे. केंद्राच्या अर्जात तो रकानाच नसतो, तिथे खुल्यात किंवा पात्र असल्यास ईडब्ल्यूएसमध्ये अर्ज करावा लागतो. आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला उत्पन्न ८ लाखांच्या आत असूनही कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल तर दाखला मिळत नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू कुटुंबांना ही अट फार टोचते, पण ती आहे. सात-आठ एकर कापूस असलेल्या घराने केंद्राच्या ईडब्ल्यूएसवर भिस्त ठेवून बेत आखू नये.

कृषी पदवीला जाणाऱ्यांनी सातबारा विसरू नये. शेतजमीनधारक कुटुंबातल्या मुलांना अधिभाराचे गुण मिळतात, पण नुसता उतारा चालत नाही. माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र सोबत लागतं, आणि जमीन अर्जदाराशी नियमात बसणाऱ्या नात्यातल्या माणसाच्या नावावर हवी. आजोबांच्या मृत्यूनंतर वारसनोंद लावायची राहून गेली असेल तर ती आधी लावून घ्या. धुळ्याचं कृषी महाविद्यालय किंवा मुक्ताईनगरचं, कुठेही गेलात तरी इथे दोन-चार गुणांवर जागा फिरते.

नावांचं स्पेलिंग हा कंटाळवाणा पण घातक विषय आहे. चौधरी हे आडनाव घ्या. इंग्रजीत ते कुणी 'सीएच'नंतर 'ए-यू' घालून लिहितं, कुणी 'ओ-यू', आणि शेवटी कुणी 'आय' लावतं तर कुणी 'वाय'. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं असेल तर अर्ज पडताळणीत अडकतो आणि पुढे शिष्यवृत्तीही. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकी सगळं तिच्याशी जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती दिवाळीच्या आत उरका.

अर्जात मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याने त्याचा ईमेल टाकला तर पासवर्ड त्याच्याकडे राहतो, आणि जुलैत त्याच्याकडे शंभर मुलांचे अर्ज असतात. ओटीपी येणारा नंबर ऑगस्टपर्यंत बंद पडणार नाही, एवढं बघा.

जात वैधता : इथे सगळ्यात जास्त जागा जातात

राखीव जागेवरच्या व्यावसायिक प्रवेशाला जातीचा दाखला पुरत नाही, वैधता लागते. ती वेळेत सादर झाली नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश रद्द होतो. काही वर्षी शासनाने अर्जाच्या पोचपावतीवर मुदतवाढ दिली आहे, पण ती यंदाही मिळेल असं धरून बसू नये.

जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांचा हवा, आणि तो तुमचे पूर्वज ज्या गावचे, त्या गावच्या प्रांताचा. नाशिकला किंवा पुण्याला स्थायिक झालेल्या शहाद्याच्या कुटुंबाने शहाद्याहूनच काढायचा.

वैधतेसाठी विद्यार्थ्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा, कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा, आणि छापील प्रत कागदांसह समितीत द्यायची. अनुसूचित जमाती सोडून बाकीच्यांचा अर्ज नमुना १६ मध्ये असतो. सोबत वंशावळीचं नमुना ३ चं आणि नमुना १७ चं शपथपत्र. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके आणि इतर मागास यांच्यासाठी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा समित्या आहेत. अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते. तिथे दक्षता पथकाची चौकशी होऊ शकते, म्हणून भिल्ल, पावरा, कोकणी, तडवी, मावची, टोकरे कोळी, ठाकूर अशा सगळ्याच जमातींच्या कुटुंबांनी शक्य तितक्या लवकर अर्ज करावा.

वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर काम खूप सोपं होतं : वडील, काका, आत्या, चुलत भावंडं. मामाची किंवा मावशीची वैधता इथे चालत नाही. चुलत्याची असेल तर वंशावळीत त्याचं आणि तुमचं नातं एकाच मूळ पुरुषापाशी जुळलं पाहिजे, आणि ते नातं दाखवणारा कागदही हवा.

घरात कुणाचीच वैधता नसेल तर जुने पुरावे शोधावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास व विशेष मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा जातीचा आणि राहण्याचा पुरावा समिती मागते. तो बहुधा तीन ठिकाणी सापडतो. पहिलं ठिकाण आजोबा-पणजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक लिहून घ्या. दुसरं तहसीलमधली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जी गावच्या कोतवालाच्या बुकातून आलेली असते. आजोबांचं नाव त्यात अनेकदा नसतं, फक्त 'अमक्याला मुलगा झाला' एवढंच असतं. मग बापाचं नाव आणि जन्मसाल यांवरून जुळवावं लागतं. तिसरं जमिनीचे जुने दस्त.

हे कागद शोधताना जिल्ह्याच्या जुन्या नावांनी गोंधळू नका. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जुन्या दस्तावर 'पूर्व खानदेश' असेल तर तो आजच्या जळगावचा, आणि 'पश्चिम खानदेश' असेल तर धुळे-नंदुरबारचा. नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, म्हणून तळोदा, नवापूर, अक्राणीकडच्या कुटुंबांना एखादी नोंद इकडे मिळाली नाही तर धुळ्याच्या अभिलेख कक्षात शोधायला हवी. बऱ्याच जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. त्यांचं मराठी लिप्यंतर अधिकृत मोडी वाचकाकडून करून घ्या आणि मूळ नोंदीच्या नकलेसोबत जोडा.

हे सगळं जुळवायला दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून अकरावीची परीक्षा संपली की सुरुवात करा. बारावीच्या ऑगस्टपर्यंत अर्ज समितीत गेला पाहिजे. पोचपावती जपा. समितीने त्रुटी काढली तर ती तुम्ही दिलेल्या मोबाईल-ईमेलवर येते. ती न वाचल्यामुळे अर्ज महिनोन् महिने जिथल्या तिथे पडून राहतो.

पर्सेंटाईल आणि कट-ऑफ कसा वाचायचा

९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या गटात परीक्षा दिलेल्या शंभरातले नव्वद तुमच्याबरोबर किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दोनशेपैकी ११०-१२० गुण बघून घरात रडारड करू नये, आधी पर्सेंटाईल बघावा.

मग मागच्या दोन वर्षांच्या कट-ऑफच्या याद्या काढा, सगळ्या फेऱ्यांच्या. यादीत कोड असतात. पहिलं अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण आणि 'एल' म्हणजे मुलींची जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटी 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे बाहेरचं, 'एस' म्हणजे राज्यस्तर. जळगावहून बारावी झालेल्या ओबीसी मुलीने जळगावच्या, गृह-बाहेर अशी विभागणी असलेल्या एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजकडे बघताना 'एल-ओबीसी-एच', 'जी-ओबीसी-एच', 'एल-ओपन-एच' आणि 'जी-ओपन-एच' या चारही ओळी बघायच्या, कारण ती चारही जागांना पात्र आहे. कुठे एच-ओ अशी विभागणी आहे आणि कुठे राज्यस्तरच आहे, हेही याच यादीत दिसतं. पालक सहसा एकच ओळ बघून 'आपल्याला लागत नाही' म्हणून कॉलेज सोडून देतात.

पसंतीक्रम भरताना

इंजिनीअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) अर्जात ३०० पर्यंत पर्याय देता येतात, आणि बरीच मुलं पाच-सहा देऊन थांबतात. तसं करू नका. ४०-४५ पर्याय भरा : वरचे दहा-बारा मनापासून हवे असलेले, कट-ऑफ तुमच्या पुढे असला तरी, मधले वीस-पंचवीस तुमच्या आसपासचे, शेवटचे आठ-दहा हमखास लागतील असे. यंत्रणा यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या गुणांना मिळू शकणारा सगळ्यात वरचा पर्याय देते. वर मोठं कॉलेज टाकल्याने खालचं हातचं जात नाही. 'सेफ म्हणून आधी सोपं कॉलेज टाकूया' हा सल्ला चुकीचा आहे आणि तो फार दिला जातो. सोपं आधी टाकलं की तेच मिळतं, चांगलं मिळत असलं तरी.

क्रम लावताना कॉलेज आधी की शाखा आधी, यावर घरात एकदा नीट बोलून घ्या. आमचं मत विचाराल तर पुण्याच्या अनोळखी कॉलेजातल्या संगणक शाखेपेक्षा चांगले शिक्षक, चालू प्रयोगशाळा आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या असलेलं शिरपूर किंवा जळगावचं कॉलेज अनेक मुलांना जास्त देतं. पुण्याचा खोली-मेसचा खर्च वाचतो तो वेगळाच. रासायनिक अभियांत्रिकीत रस असेल तर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्वतःची रासायनिक तंत्रज्ञान संस्था जळगावातच आहे. तिचं नाव यादीत टाकायचं पुष्कळजण विसरतात.

फेऱ्यांचा नियम काळजीने वाचा. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागायची. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तसंच. न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे पहिल्या क्रमांकावर असंच काही लिहायचं नाही. पहिलं सहाचं टोळकं पूर्ण विचार करून लावायचं. खालची पसंती मिळाली तर जागा स्वीकृतीचे १,००० रुपये भरून ती धरून ठेवायची आणि पुढच्या फेरीत वरचं मिळतं का ते बघायचं. पुढचं मिळालं की आधीचं आपोआप सुटतं, आणि नाही मिळालं तर आधीचं राहतं. रुपये भरायचे राहिले किंवा 'फ्रीज' (मिळालेली जागा पक्की करून पुढच्या फेऱ्या सोडण्याचं बटण) चुकून दाबलं की खेळ संपतो. हे बटण दाबताना पालक आणि मूल दोघंही स्क्रीनसमोर असावेत.

उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या जागा बघा. प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं. त्यांचा पर्याय कोड वेगळा असतो. तो त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या लगेच वर टाका. कट-ऑफ चढा असतो, पण लागला तर चार वर्षांची फी वाचते.

नीटवाल्यांसाठी एकच महत्त्वाची सूचना. नीटचा निकाल म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. अखिल भारतीय १५ टक्क्यांसाठी एमसीसीकडे (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे) आणि राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी सीईटी कक्षाकडे अशी दोन वेगळी नोंदणी करावी लागते.

फी आणि शिष्यवृत्ती

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एकच पण पक्की : प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यात घेतला तर लाभ नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही नाही. वसतिगृह, मेस आणि विकास शुल्क मात्र भरावं लागतं. मुलीला 'जवळच्या साध्या कॉलेजात घालू' म्हणण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून बघा. तिच्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च आता सरकार देतंय.

अनुसूचित जाती-जमातींच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे, त्यावरच्यांना फ्रीशिप (फीची सवलत). आदिवासी मुलांनी वसतिगृहासाठी किंवा जागा न मिळाल्यास राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वयम् योजनेसाठी आपल्या प्रकल्प कार्यालयाकडे जावं : नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल.

महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून मिळणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. शाळेत असताना उघडलेलं जुनं खातं आधारशी जोडलेलं असेल तर पैसे तिथे जातात आणि आपण नव्या खात्याकडे बघत बसतो. बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते विचारा.

कर्ज लागणार असेल तर बँकेची चौकशी मार्चमध्येच करा. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा मागत नाहीत, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता हमी योजनेतून कर्ज मिळू शकतं. केळीचं किंवा कापसाचं पीककर्ज थकलेलं असेल तर वडिलांचा सिबिल (कर्जफेडीच्या पतीचा गुणांक) आडवा येतो. त्या वेळी सहकर्जदार म्हणून आई किंवा नोकरी करणारा भाऊ चालतो का, ते शाखेत विचारून ठेवा.

फेऱ्या संपल्यावर

कॅपच्या फेऱ्यांतून काही मिळालं नाही तर संस्थास्तरावरच्या आणि रिकाम्या राहिलेल्या जागा उरतात. त्यांच्यासाठीही कॉलेजला जाहिरात देऊन गुणवत्तेनेच प्रवेश द्यावा लागतो. 'आज पन्नास हजार भरा, उद्या जागा राहणार नाही' असं कुणी म्हणालं तर पावती मागा. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. प्रत्येक विनाअनुदानित कॉलेजची मान्य फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. त्या आकड्यापेक्षा जास्त मागितलं तर लेखी विचारा.

एका ठिकाणी प्रवेश झाला आणि नंतर दुसरीकडे चांगला लागला, तर रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन करा आणि त्याची प्रत कॉलेजात देऊन पोच घ्या. शेवटच्या तारखेच्या आत केला तर १,००० रुपये वजा जाऊन फी परत मिळते. नुसतं तोंडी सांगून आलात तर प्रवेश चालूच राहतो आणि फी अडकते. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. तपासून झाले की परत मागून घ्या, आणि शाळा सोडल्याचा दाखला देण्याआधी त्याच्या चार साक्षांकित प्रती काढून फाईलमध्ये ठेवा. शिष्यवृत्तीला आणि वसतिगृहाला त्या लागतात.